बार राहिला

१

शिवडीच्या गोदामांमागचा रस्ता रविवारी सकाळी ओस असतो. लॉऱ्या नाहीत, हमाल नाहीत; कुत्री तेवढी रस्त्याच्या मध्यावर ऊन खात पडलेली. त्या रविवारी मात्र सब-इन्स्पेक्टर दत्ताराम म्हापणकर तिथं पोहोचले तेव्हा गोदामाच्या भिंतीशी ही गर्दी होती. आणि खाकी कपडा बघताच सगळी गर्दी गप्प झाली.

हे गप्प होणं म्हापणकरांना आता नवं नव्हतं. गेल्या वर्षीच्या गोळीबारापासून गिरणगावात पोलीस दिसला की दारं लागत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला बंदोबस्ताला उभं राहावं तर घोषणा तोंडावर, आणि घरी यावं तर बायकोचा सख्खा भाऊ समितीचा. तो यांना बघून ताटावरून उठे. निवडणुका तोंडावर आल्यापासून तर साधा पत्ता विचारला तरी लोक म्हणत, "आम्हाला नाय ठाऊक."

भिंतीला टेकून एक मोटार उभी होती. मोटार म्हणायचं एवढंच. वर टप नाही, दारं नाहीत, लष्करी भंगारातल्या जीपचा सांगाडा आणि त्यावर हातानं ठोकलेला पत्रा. आली होती त्याच दिशेला तोंड करून ती उभी होती आणि उजवं अंग भिंतीत घुसलं होतं. चालवणाऱ्या पोराला, रमाकांत दळवीला, टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं. त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्यालाही मार होता.

मागं दोघं उरले होते. एक रामदास पेडणेकर, ड्राफ्ट्समन; गाडीचा नकाशा त्याचा. दुसरा भिवा जाधव, गिरणीच्या वर्कशॉपातला टर्नर. गाडीचे निम्मे भाग त्याच्या लेथवर उतरलेले.

"ब्रेक लागले नाहीत?" म्हापणकरांनी विचारलं.

"लागले ना," रामदास म्हणाला. "हे बघा."

रस्त्यावर रबराचे दोनच काळे पट्टे होते, कोयत्यासारखे वळलेले. "हे मागच्या चाकांचे. पुढच्यांचा पट्टाच नाही. मागची चाकं आधी जाम झाली, म्हणून गाडी गरकन फिरली." त्यानं पेडलांपुढचा पत्रा उचकटला, आत वाकून बघितलं आणि तसाच थांबला.

"काय झालं?"

"साहेब, यातलं काही तुटलेलं नाही. आमचा बॅलन्स बार आम्ही ठेवला तिथं नाहीये. कुणीतरी फिरवलाय."

म्हापणकर पुढं काही विचारणार तोच गर्दी दुभंगली आणि एक पांढऱ्या टोपीचा म्हातारा हॉस्पिटलातून थेट धावत आला. गिरणीत माणसं कामाला लावणारे जॉबर रामजी दळवी, रमाकांतचे वडील. त्यांनी भिवावर बोट रोखलं.

"सायबानू, माझ्या झिलाक ह्येनाच मारल्यान! ह्येच्याच हातचो तो बार. माझो झील बेशुद्धीत तोच एक शब्द बोलता... बार, बार!"

२

भिवाला कोठडीत घालावं लागलं. जॉबरची फिर्याद होती आणि वर कारणही होतं. जुहूच्या धावपट्टीवर शर्यत व्हायची होती. त्यात गाडी कोण चालवणार यावरून भिवा आणि रमाकांत आठवड्यापूर्वीच भर नाक्यावर भांडले होते. "मी घासघासून बनवायची आणि तू मिरवायची?" हे भिवाचं वाक्य सगळ्या चाळीनं ऐकलं होतं. पोलिसांना वेळ न सांगणारी माणसं हे वाक्य मात्र आपण होऊन सांगायला आली.

भिवा गजांशी उभा होता. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"तू बार फिरवलास?"

"मी कशाला फिरवीन? माझाच बार आहे."

"रमाकांतशी भांडलास."

"भांडलो. तोंडावर भांडलो. ज्याला मागनं मारायचंय तो नाक्यावर बोंबलतो काय?"

म्हापणकरांचं डोकं आधीच उठलं होतं. मोटारीतलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. आयुष्य ट्रामात गेलेलं. "मला उलट प्रश्न नकोत. तुझ्याशिवाय तो बार कुणाला फिरवता येतो?"

"गाडी बनवणाऱ्या आम्हा चौघांनाही येतो. गाडी ठेवतो त्या तबेल्याची किल्ली बाहेरच्या वाशात खोचलेली असते, तीही चौघांना ठाऊक." भिवानं गज धरले. "फौजदारसाहेब, तुम्ही तो बार बघितलात? दोन्हीकडचे लॉकनट आवळलेले आहेत की ढिले?"

"आवळलेले."

"बारपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या दांड्या सरळ आहेत की तिरप्या?"

"रामदास म्हणतो, सरळ आहेत."

"मग झालं तर! जीव घ्यायचा असता तर मी नट ढिले सोडले असते, नाहीतर पिन काढली असती. इथं कुणीतरी बार फिरवलाय, दांड्या परत काटकोनात आणल्यात, नट आवळलेत. हे मारायचं काम नाही. ही निगा आहे. गाडीची निगा!"

"निगा घेतली म्हणून गाडी भिंतीवर गेली?"

"ते मला पण कळत नाही," भिवा म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "सकाळपासून डोकं फोडतोय. कळत नाही."

म्हापणकर वैतागून उठले. खोटं बोलणारा आरोपी त्यांना परवडला असता; त्याला काय विचारायचं ते ठाऊक असतं. हा माणूस खरा वाटत होता, आणि त्याचं खरं त्यांच्या काही कामाचं नव्हतं.

बाहेर बाकावर भिवाची बायको शेवंती बसली होती. ती रडत नव्हती. तिनं सरळ विचारलं, "कधी सोडणार?"

"चौकशी चालू आहे, बाई."

"तुमची चालू आहे. गिरणीची संपली. ह्यांच्या लेथवर बदली माणूस उभा केलाय जॉबरनं."

३

मोडकी गाडी ओढत आणून चौकीच्या आवारात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी म्हापणकरांनी रामदासला तिथं बोलावलं.

"हा बार काय प्रकार आहे, ते मला लहान पोराला सांगतात तसं सांगा."

"साहेब, कावड पाहिलीत ना? खांदा ज्या घागरीजवळ, त्या बाजूला भार जास्त झेपतो. हा बार म्हणजे कावडीची दांडी आणि पेडल म्हणजे खांदा. दांडीच्या एका टोकाला पुढच्या चाकांचा सिलिंडर, दुसऱ्या टोकाला मागच्यांचा. पेडलाचा जोर ज्या टोकाजवळ, त्या चाकांना ब्रेक जास्त. दांडीला आटे आहेत. ती फिरवली की जोराची जागा सरकते."

"आणि ती कुठं हवी?"

"पुढच्या बाजूला. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात. हलकी चाकं आधी अडली तर गाडी फिरते. मागच्या रविवारी आम्ही चौघं दिवसभर हेच करत होतो. गाडी लाकडी घोड्यांवर चढवायची. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाक हातानं फिरवून बघायचं. पुढचं आधी अडलं पाहिजे, मागचं किंचित नंतर. जमतच नाही! खोला, फिरवा, आवळा, पुन्हा दाबा. रमाकांतनं तर पाना भिंतीवर फेकून मारला. शेवटी दिवेलागणीला जमलं एकदाचं."

"आणि काल तो बार मागं सरकलेला निघाला. भिवानं केलं असेल?"

रामदासनं उचकटलेला पत्रा परत दाबून बसवला. "मी... नाही असं छातीठोक म्हणू शकत नाही."

म्हापणकर गाडीभोवती फिरले. सीटमागं फळ्यांचं एक खोलगट खोकं ठोकलेलं होतं आणि त्यात गोणपाट अंथरलं होतं. गोणपाटाला बारीक भोकंच भोकं, कडा पिवळट.

"इथं बसून विड्या ओढता काय रे तुम्ही?"

"आमच्यात कोणीच ओढत नाही. उंदीर असतील. तबेलाच आहे तो, वडिलांचा."

रामदासचे वडील वॉर्डातले काँग्रेसचे जुने पुढारी. सगळा परळ समितीच्या बाजूला गेला तरी ते टोपी घालून एकटे रस्त्यानं हिंडत. म्हापणकरांना ते ठाऊक होतं. बंदोबस्त त्यांच्याही दाराशी ठेवावा लागे.

"रमाकांतला टॅक्सीत घातला तेव्हा तो काही बोलला?"

"हो. 'बार राहिला,' असं म्हणाला. मला वाटलं, एवढ्या धडकेत बार शाबूत राहिला असं म्हणतोय. वेडा! स्वतःचा पाय मोडलाय आणि बारचं कौतुक."

४

चौथा रघुवीर परब. सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपात मेकॅनिक. म्हापणकर गेले तेव्हा तो नळावर हात धूत होता, आणि बोलणं संपेपर्यंत धूतच राहिला.

"रविवारी तुम्ही तिथं नव्हता."

"ड्युटी होती ना साहेब. मंत्र्यांचा दौरा चालू होता. शनिवारी तर मी वर्कशॉपातून हललोच नाही, कुणालापण विचारा. शनिवारी संध्याकाळी सुट्टी मिळणार होती ती पण कापली."

"आठवड्यात तबेल्यात गेला होता?"

"छे. मी कशाला जाऊ?"

"मग बार कुणी फिरवला?"

"मला काय ठाऊक?" रघुवीरनं साबण खाली ठेवला, परत उचलला. "साहेब, भिवाला कधी सोडणार? तो नाय करणार असलं काय. बायको-पोरं आहेत त्याची."

"तुम्ही लिहून देता का तसं?"

"मी सरकारी नोकर. मी कशाला पडू त्यात?"

म्हापणकर तिथून हॉस्पिटलात गेले. रमाकांत शुद्धीवर आला होता, पण दारातच रामजी आडवे आले. "डाक्टर म्हणता, तेका काय्येक सांगूचा नाय, काय्येक इचारूचा नाय." म्हापणकरांनी खाटेशी उभं राहून एकच प्रश्न विचारला. रमाकांतनं डोळे मिटले. "काही आठवत नाही," म्हणाला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

परत येताना म्हापणकरांना वाटलं, आपण सगळ्या जगाची दारं ठोठावतोय आणि आतून सगळे "घरात कोणी नाही" म्हणताहेत. भिवाची कोठडीची मुदत संपत आली होती. कोर्टात उभं राहून सांगायचं काय? बार सरकला होता. कुणी सरकवला ते ठाऊक नाही. कशासाठी सरकवला ते तर भिवाला स्वतःलाच कळत नव्हतं.

५

त्या संध्याकाळी नरे पार्कला समितीची सभा होती आणि बंदोबस्त म्हापणकरांच्या नशिबी होता. मैदान फुललं होतं. व्यासपीठामागं ते उभे राहिले, कारण तिथं निदान शिव्या पाठमोऱ्या ऐकू येत.

व्यासपीठाखाली एक माणूस उकिडवा बसून लाऊडस्पीकरच्या बॅटऱ्यांच्या तारा जोडत होता. मोटारीतल्या असतात तसल्या काळ्या, थोराड बॅटऱ्या, ओळीनं मांडलेल्या. म्हापणकरांची नजर त्याच्या खाकी अर्ध्या चड्डीवर गेली. चड्डीला बारीक भोकंच भोकं होती, कडा पिवळट.

"काय हो, विडी ओढता ओढता झोप लागते वाटतं?"

"विडी कसली साहेब. बॅटरीतलं तेजाब. थेंब पडला की कापड गेलंच समजा."

म्हापणकर सरळ झाले. "या बॅटऱ्या वजनदार असतात, नाही?"

"उचलून बघा की. कंबर धरेल."

"त्या सभेच्या जागी आणतं कोण?"

आता त्या माणसानं वर बघितलं. टोपी बघितली, पट्टा बघितला. "येतात आपोआप," म्हणाला आणि पुन्हा तारांत तोंड घातलं.

सभा आटोपताच म्हापणकर थेट रामदासच्या घरी गेले. त्याला जिन्यात बोलावून घेतलं, कारण आत त्याचे वडील सूत कातत बसले होते.

"रामदास, एक सांगा. गाडीत मागं भरपूर वजन ठेवलं तर बार कुठं हवा?"

"मागं सरकवावा लागेल. मागची चाकं दबतात ना, त्यांना ब्रेक जास्त झेपतो. पुढंच ठेवला तर उलट पुढची चाकं अडून गाडी घसरत जाईल. वजन वाहायचं असेल तर शहाणा माणूस बार मागं..." रामदास एकदम थांबला. "पण आमच्या गाडीत वजन कुणी ठेवलं?"

"बॅटऱ्या. आणि कर्णा. समितीच्या सभांसाठी. तुमच्या त्या गोणपाटाची भोकं उंदरांची नाहीत, तेजाबाची आहेत."

रामदासनं घाईघाईनं दाराकडे बघितलं. "हळू बोला साहेब. वडिलांना कळलं तर आज तबेल्याला कुलूप घालतील."

"म्हणूनच तर तुम्हाला कुणी सांगितलं नाही," म्हापणकर म्हणाले. "भिवाचा संशयच मिटला. सभा संध्याकाळच्या, आणि गेला आठवडाभर तो दुसऱ्या पाळीला होता. मग उरलं कोण?"

६

रघुवीरला त्यांनी चौकीवर बोलावलं नाही. सकाळी त्याच्या वर्कशॉपाबाहेरच्या इराण्याकडे बोलावलं. चहा समोर आला आणि तसाच निवत राहिला.

"परब, मी तुम्हाला रविवारचं विचारलं होतं. तुम्ही दोनदा शनिवारचं सांगितलंत. शनिवारचा विषय मी काढलाच नव्हता."

रघुवीरनं चहाचा कप स्वतःकडे ओढला.

"शुक्रवारी सभा झाली. बॅटऱ्या परत पोचवल्या. शनिवारी संध्याकाळी बार मूळ जागी आणायचा होता, म्हणजे रविवारी कुणाला कळणार नाही. पण तुमची सुट्टी कापली. बरोबर?"

रघुवीरनं कप न पिताच खाली ठेवला. "निवडणूक तोंडावर आल्यापासून कर्ण्याला गाडी मिळत नव्हती साहेब. टॅक्सीवाले घाबरतात, जप्त होते म्हणून. आमची नंबरसुद्धा नसलेली गाडी. बरं वाटायचं हो. दिवसभर सरकारच्या गाड्या दुरुस्त करायच्या, त्याच गाड्यांतनं पोलीस आमच्याच लोकांवर जायचे. संध्याकाळी निदान..." त्यानं हात झटकला. "मी एकट्यानं केलं सगळं. लिहा."

"आणि भिवा कोठडीत बसला तरी तुम्ही हात धूत उभे राहिलात."

"नोकरी गेली असती साहेब! सरकारी नोकर समितीचं काम करतो म्हटल्यावर एका दिवसात बाहेर. घरात म्हातारी, दोन बहिणी..." त्यानं तळहातानं टेबल पुसलं. मग हट्टानं म्हणाला, "लिहा ना. मी एकट्यानं."

"पेडल कोण दाबत होतं?"

"अं?"

"एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाक फिरवून बघायचं. तुमचे हात चाकावर असताना पाय पेडलावर कुणाचा होता?"

रघुवीरनं ओठ घट्ट मिटले. त्यानंतर म्हापणकरांनी धाक घातला, समजावलं, चढ्या आवाजात बोलले. इराणी गल्ल्यावरून बघायला लागला. रघुवीरनं तोंड उघडलं नाही.

अर्धी कडी हातात आली होती आणि उरलेली अर्धी एका मेकॅनिकच्या दातांत अडकली होती. रघुवीरचं नाव कागदावर घ्यावं तर त्याच्या घरावर नांगर. न घ्यावं तर भिवा आत. म्हापणकर त्या तिरमिरीतच जेवायला घरी गेले.

७

बायकोनं, राधाबाईंनी, ताट वाढलं. म्हापणकरांनी वरणभाताचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, हे काय?"

राधाबाईंनी बोट बुडवून चव बघितली. "अगबाई! गडबडीत मीठ राहिलं वाटतं."

म्हापणकरांचा हात ताटातच थांबला.

मीठ राहिलं. म्हणजे घालायचं राहिलं.

बार राहिला!

ते हात धुऊन उठले. "अहो, मीठ घालते की वरनं," राधाबाई म्हणत होत्या, तोवर ते जिना उतरले होते.

हॉस्पिटलात रामजी पुन्हा आडवे आले. या वेळी म्हापणकरांनी त्यांना बाजूला सारलं नाही. हाताला धरून खाटेशीच घेऊन गेले. "तुम्हीही ऐका," म्हणाले.

"रमाकांत, तुम्हाला टॅक्सीत घालत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, बार राहिला. मागं सरकवलेला बार जागेवर आणायचा राहिला. ज्याला तो सरकवलेला ठाऊक होता तोच हे म्हणेल."

रमाकांत छताकडे बघत होता.

"तुम्ही गप्प आहात ते एका मित्राची नोकरी जाऊ नये म्हणून, हे मला कळतं. पण दुसरा मित्र त्यापायी कोठडीत पडलाय."

रमाकांतची मान खाडकन वळली. "कोण कोठडीत?"

"भिवा. रविवारपासून."

"भिवा? कशाबद्दल?" उशीवरून उठायला बघत तो कळवळला. "बाबा! तुम्ही म्हणालात भिवा गावाला गेलाय, म्हणून भेटायला येत नाही!"

रामजी उशी सारखी करायला वाकले. "डाक्टर म्हणालो... तुका तरास नको..."

"फिर्याद त्यांचीच आहे," म्हापणकर म्हणाले.

रमाकांत हुंदके देत होता की चिडून श्वास टाकत होता ते कळत नव्हतं. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. शनिवारी निरोप आला की संध्याकाळी जमणार नाही. त्यानं ठरवलं, रविवारी सगळ्यांच्या आधी तबेल्यात जाऊन, फिरवले तेवढेच आटे मोजून बार आपणच परत जागेवर आणू. गेला तर भिवा आणि रामदास आधीच येऊन गाडी पुसत बसलेले.

"त्यांच्यासमोर पत्रा कसा उचकटू? रामदासला सगळं सांगावं लागलं असतं. भिवाशी तर बोलणंच नव्हतं. म्हटलं, आज हळूच चालवू, ब्रेक जपून लावू. आणि खरंच हळू चालवत होतो साहेब. पण त्या सरळ रस्त्यावर इंजिनानं असा सूर धरला..." त्यानं चादर मुठीत धरली. "दीड वर्ष खपून बनवलेली गाडी पहिल्यांदा अशी पळत होती. विसरलो. सगळं विसरलो. समोर कुत्रं आलं आणि पाय पडला तेव्हा आठवलं."

रामजी खाटेच्या कडेला मटकन बसले.

म्हापणकरांनी जबाब घ्यायला कागद पुढं ओढला. "बार तुम्ही फिरवलात?"

"हो."

"बरोबर कोण होतं?"

रमाकांतनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "कोणी नाही. मी एकटाच."

एकट्याला हा बार नव्यानं बसवता येत नाही, हे आता म्हापणकरांना घोकून घोकून पाठ झालं होतं. त्यांनी पेन टेकवलं आणि लिहिलं: एकट्याने.

८

भिवाला सोडलं त्या दुपारी रामजी चौकीवर आले होते. फिर्याद मागं घेऊन ते कोपऱ्यात उभे राहिले. भिवा समोरून आला तेव्हा त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"चुकी झाली माझी. गिरणीत मी सांगितलंय. पण सायब म्हणता, बदली माणूस म्हयनाभर ऱ्हवतलो. मगे तुझी लेथ तुका."

"म्हणजे महिनाभर मी घरी," भिवा म्हणाला.

रामजी वाट सोडून बाजूला झाले.

बाहेर पायरीशी शेवंती उभी होती. पलीकडे रामदास आणि रघुवीर. रामदास पुढं झाला. "भिवा, मी... मला त्या फौजदारांनी विचारलं तेव्हा मी ठामपणे बोलायला हवं होतं."

"हवं होतं," भिवा म्हणाला.

"मला खरंच ठाऊक नव्हतं रे, हे दोघं गाडी सभेला नेतात ते."

"तुला नव्हतं ठाऊक, कारण तुझे वडील काँग्रेसवाले. ते समजलं मला." भिवा रघुवीरकडे वळला. "मला का नाही सांगितलं? माझ्या घरी कोण काँग्रेसवाला आहे? आमचा पक्ष समितीत नाही? माझी बायको सत्याग्रहात लाठी खाऊन आली, ती कुणासाठी?"

रघुवीर खाली बघत पुटपुटला, "तू दुसऱ्या पाळीला होतास... आणि तुझं नि रमाकांतचं वाजलं होतं... म्हटलं जास्त लोकांत नको बभ्रा."

"लोकांत?" भिवाचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मी लोक? अरे, मला सांगितलं असतंस तर पाळीवर जायच्या आधी मी बार फिरवून दिला असता. आणि शनिवारी पाळीवरून सुटल्यावर परत जागेवर आणून ठेवला असता. रमाकांत आज चालत असता."

ट्राम खडखडत गेली.

"चला," भिवा शेवंतीला म्हणाला आणि दोघं चालू लागली. म्हापणकर पायरीवर उभे राहून बघत होते. केस सुटली होती, आरोपी सुटला होता, पण छातीवरचं ओझं काही हलत नव्हतं. सभेचा बंदोबस्त आज पुन्हा होताच.

रघुवीर थोडा वेळ जागीच थांबला, मग त्या दोघांच्या मागं धावत गेला. "भिवा, ऐक तर! भिवा!"

भिवा थांबला. रघुवीर जवळ येईपर्यंत थांबला. आणि तो पोहोचताच त्यानं त्याच्या अशी खणखणीत मुस्कटात ठेवून दिली की नाक्यावरचा पानवाला ठेल्यातून उठून उभा राहिला. रघुवीर गाल धरून उभा राहिला. पळाला नाही, हातही उचलला नाही.

पानवाल्यानं चौकीच्या पायरीकडे बघितलं. पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारामारी झाली होती आणि आता फौजदार काय करतात याकडे सगळा नाका टक लावून होता.

म्हापणकरांनी शांतपणे पाठ फिरवली आणि ते आत निघून गेले.